आधी तिथी, मग ठिकाण

महाराष्ट्रातील प्रवासवर्णनांत आणि पर्यटनाच्या मार्गदर्शिकांत जालना जिल्ह्याला फारशी जागा मिळालेली नाही, आणि जेथे ती मिळाली आहे तेथे हा जिल्हा बहुधा वाटेवरचा म्हणूनच आला आहे. वेरूळ-अजिंठा पाहून शेगाव, लोणार किंवा माहूर गाठणारी कुटुंबे जालन्यात इंधन भरतात, चहा घेतात आणि पुढे निघतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून तर तेवढेही थांबण्याची गरज उरलेली नाही. कोठे जावे आणि कोठे जेवावे या प्रश्नांची उत्तरे सामान्यतः ठिकाणांच्या आणि उपाहारगृहांच्या यादीतून दिली जातात, आणि वर्षातील कोणत्याही दिवशी सारख्याच दिसणाऱ्या लेण्यांना, किल्ल्यांना किंवा शहरी भोजनालयांना ती पद्धत पुरेशी असते. जालना जिल्ह्यातील जे उत्तम आहे ते मात्र ऋतूशी, पिकाशी आणि पंचांगातील तिथीशी इतके घट्ट बांधलेले आहे की त्याच जागी दोन महिने उशिरा पोहोचणाऱ्याला तेथे काहीच सापडत नाही, आणि 'जालन्यात काय आहे?' असे म्हणत तो परत जातो. म्हणून या जिल्ह्यासाठी शिफारस करायची झाल्यास प्रवासाचा नकाशा नंतर उघडावा आणि दिनदर्शिका आधी, हे सांगणे अगत्याचे ठरते.

यामागे भूगोल आहे. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हा मुलूख एकत्र करून १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. आज त्यात बदनापूर, घनसावंगी आणि मंठा धरून आठ तालुके आहेत. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगांचे उतार, दक्षिण सीमेवर गोदावरी आणि मधून वाहणाऱ्या पूर्णा, दुधना, गिरजा, केळना व कुंडलिका या नद्या अशी रचना असली तरी बारमाही पाण्याचे सुख फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांचा काही पट्टा ओलिताखाली आणला, उरलेली शेती मृगाच्या पहिल्या सरीपासून परतीच्या पावसापर्यंतच्या चार महिन्यांवर आणि काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर उभी आहे. अशा प्रदेशात अन्न वर्षभर एकसारखे नसते, प्रत्येक पदार्थाला त्याचे दिवस असतात, आणि ते दिवस ओळखणे हीच येथील प्रवाशाची पहिली तयारी होय.

या दिवसांत हुरड्याचे दिवस सर्वांत आधी सांगितले पाहिजेत. परतीच्या पावसानंतर पेरलेल्या रब्बी ज्वारीचे कणीस दाण्यांनी भरते, परंतु दाणा अजून वाळून कडक झालेला नसतो, त्या अवस्थेतील कणसे भाजून त्यांचा कोवळा दाणा खाण्याच्या रिवाजाला मराठवाड्यात हुरडा म्हणतात. कणीस चिकात असताना, म्हणजे दाण्यात नुसता पांढरा द्रव असताना, ते भाजून उपयोग नाही, आणि दाणा पिठूळ झाल्यावरही त्याची गोडी गेलेली असते. या दोन अवस्थांच्या मधले थोडे दिवसच एखाद्या शेताचा हुरडा खाण्याजोगा राहतो. जमीन, पेरणीची तारीख आणि थंडी यांनुसार हे दिवस शेतागणिक बदलतात, तरी डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी हा काळ साधारणपणे धरता येतो. हुरड्यासाठी गुळभेंडी हा ज्वारीचा वाण विशेष पसंत केला जातो, कारण त्याचा दाणा गोड असून कणसातून सहज सुटतो. धान्यासाठी नावाजलेल्या मालदांडीचा उपयोग मुख्यतः भाकरीसाठी होतो, आणि जाणता शेतकरी हुरड्यापुरती गुळभेंडीची चार तासे वेगळी पेरून ठेवतो.

भाजण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. शेतातच उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव तयार केला जातो, त्याला आगटी म्हणतात. धगधगती ज्वाळा ओसरून गरम राख आणि निखारे उरले की त्यात कणसे खुपसली जातात, आणि भाजलेले कणीस हाताला सोसेल न सोसेल अशा अवस्थेत तळहातांमध्ये चोळून दाणे मोकळे केले जातात, फुंकर मारून कोंडा उडवला जातो आणि हिरवट, वाफाळते दाणे ताटात पडतात. सोबत शेंगदाण्याची, तिळाची किंवा लसणाची कोरडी चटणी, गुळाचा खडा, घट्ट दही, शेतातलीच बोरे किंवा हरभऱ्याचा डहाळा, आणि शेवटी ताक. चोळणाऱ्याचे कौशल्य येथे स्वयंपाक्याच्या कौशल्याइतकेच मोलाचे असते. हुरडा गरम असतानाच गोड लागतो, त्यामुळे खाणारे आगटीभोवती बसतात आणि चोळणारा त्यांना वाढत राहतो. लहान मुलांना हा प्रकार उपजतच आवडतो, कारण दाणा मऊ असतो, तिखट वेगळे असते आणि विस्तवाजवळ बसण्याची मुभा मिळते. वडीलधाऱ्यांनी मात्र तो सकाळच्या वेळी आणि बेताने खावा, कारण कोवळी ज्वारी पचायला जड असते, आणि हे कोणत्याही जाणत्या घरात न विचारताही सांगितले जाते.

अलीकडे शहरालगतच्या अनेक शेतमालकांनी हुरडा पार्टीची व्यवस्था सुरू केली आहे आणि कुटुंबासह येणाऱ्यांना ती सोयीची आहे, यात शंका नाही. तरीही निवड करताना झोपाळे, बैलगाडीची फेरी आणि छायाचित्रांसाठी उभारलेली सजावट यांपेक्षा दोन प्रश्नांना अधिक महत्त्व द्यावे: हुरडा त्याच शेतातला आहे काय, आणि वाण कोणता आहे? दुरून पोत्यात भरून आणलेली कणसे आगटीपर्यंत पोहोचेतो शिळी होतात, आणि शिळ्या कणसाची उणीव कोणत्याही चटणीने भरून निघत नाही. याच दिवसांत, १२ जानेवारीला, जालन्यापासून तासाभराच्या आतच्या अंतरावर असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे जिजाऊंचा जन्मोत्सव मोठ्या प्रमाणावर साजरा होतो; लखुजी जाधवांच्या वाड्याचे भव्य प्रवेशद्वार, जाधवांच्या समाध्या आणि आजूबाजूच्या शिवारातील हुरडा यांची सांगड घालणारा दोन दिवसांचा प्रवास मुलांना घेऊन करण्यासारखा आहे. गर्दी नको असलेल्यांनी उत्सवाच्या आधी किंवा नंतर चार दिवसांचे अंतर ठेवावे.

हुरड्याच्या खालोखाल जिल्ह्याची ओळख मोसंबीने घडवली आहे. जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या माती-हवामानामुळे विशिष्ट गुण धारण करणारे उत्पादन म्हणून तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. अंबड, घनसावंगी, बदनापूर आणि जालना तालुक्यांतील बागांमध्ये मोसंबीचे झाड वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलू शकते, पण शेतकरी त्याला सर्व वेळी फुलू देत नाही. फळ कोणत्या हंगामात हवे हे ठरवून तो काही आठवडे झाडाचे पाणी तोडतो, त्याला ताण देणे म्हणतात. ताणाने पानगळ होते, झाड विसावते, आणि मग खत-पाणी देताच ते एकदम बहरते. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्याला आंबे बहार म्हणतात आणि त्याची फळे पावसाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीच्या सुमारास उतरतात. जून-जुलैच्या मृग बहाराची फळे त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात. आंबे बहाराला उन्हाळाभर पाणी लागते आणि मृग बहाराला पावसाचा आधार मिळतो, त्यामुळे कोणत्या गावात कोणता बहार धरला जातो यावरून त्या गावच्या विहिरींची स्थिती ओळखता येते. जिज्ञासू प्रवाशाने बागेत गेल्यावर हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण त्याच्या उत्तरात गावाच्या पाण्याचा सगळा इतिहास उलगडतो.

तो इतिहास सुखाचा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात या भागातील अनेक शेतकऱ्यांनी टँकरने पाणी विकत घेऊन झाडे जगवण्याची धडपड केली, आणि ज्यांना ते झेपले नाही त्यांच्या वर्षानुवर्षे वाढवलेल्या बागा वाळून गेल्या. मोसंबीचे झाड फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात, तेव्हा एका उन्हाळ्यातील नुकसान भरून निघायला किती काळ लागतो हे सांगायला नको. त्याच काळात जालना तालुक्यातील कडवंची या गावाने पाणलोट विकासाची कामे आणि शेततळी यांच्या बळावर आपली द्राक्षे टिकवून ठेवली. पाणलोट विकास म्हणजे माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती आणि नाल्यांवरील बांध यांनी पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवण्याची पद्धत. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने हे काम उभे राहिले. आज कडवंची पाहायला राज्यभरातून शेतकरी येतात. शहरातील मुलांना द्राक्षाचा घड आणि त्यामागचे शेततळे एकाच वेळी दाखवणारी इतकी चांगली जागा मराठवाड्यात क्वचितच असेल. मात्र ते राहते गाव आहे, तेव्हा आधी विचारून आणि बागायतदारांच्या सवडीनेच तेथे जावे.

मोसंबीचा रस जालन्यात प्यावा तो हंगामातच, आणि काढल्याबरोबर. रस काढून ठेवला की काही वेळाने तो कडवट होऊ लागतो, बी चिरडले गेले तर अधिकच, म्हणून बाटलीत भरून नेण्याच्या मोहात पडू नये. फळ विकत घेताना सालीच्या पिवळेपणाकडे पाहू नये; हाताला जड लागणारे, सालीवर उभ्या बारीक रेघा असलेले आणि तळाशी नाण्यासारखे वर्तुळ उमटलेले फळ निवडावे, ही मोसंबी या जातीची खूण आहे.

जालना शहर कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर वसले आहे. एकीकडे जुना जालना आणि दुसरीकडे कादराबाद, सदर बाजार व त्याभोवती वाढलेला नवा जालना. 'जालना, सोने का पालना' ही म्हण शहरात आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि तिच्यातील भाषा मराठी नाही हे शहराच्या घडणीविषयी बरेच सांगून जाते. १५७८ मध्ये जमशेदखानाने बांधलेली काळी मशीद, त्यानेच खोदवलेला मोती तलाव, निजामुल्मुल्काच्या आज्ञेने काबिलखानाने १७२५ मध्ये उभारलेला मस्तगड, महादजी शिंद्यांशी नाते सांगणारे आनंदीस्वामींचे मंदिर, इंग्रजांच्या छावणीच्या खुणा आणि स्थानकवासी जैनांचे गुरू गणेश तपोधाम हे सारे थोड्या अंतरात सामावले आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग येथून गेला, त्यामुळे मारवाडी, गुजराती, पारशी आणि तेलुगू व्यापारी येथे स्थिरावले.

त्यांच्या वस्तीचा परिणाम ताटात दिसतो. मारवाडी घरांची दाल-बाटी आणि मराठवाड्याचे रोडगे ही दोन्ही एकाच तऱ्हेच्या विस्तवावर भाजली जातात, परंतु बाटी तुपात बुडवून पंचमेळ डाळीबरोबर येते आणि रोडगा कुस्करून वरण व वांग्याच्या रस्सा-भाजीबरोबर खाल्ला जातो. शहरात राहणाऱ्या प्रवाशाने दोन्ही चाखून पाहावेत. ज्वारीची भाकरी, बेसन (येथे पिठल्यालाच बेसन म्हणण्याची रीत आहे), हिरव्या मिरचीचा ठेचा, कारळाची किंवा जवसाची चटणी आणि येसराची आमटी हे साध्या खानावळीतील जेवण. येसर म्हणजे धान्ये, डाळी व मसाले भाजून दळलेले पीठ. उन्हाळ्यात ते वर्षभरासाठी करून ठेवले जाते, आणि भाजी मिळेनाशी होते त्या महिन्यांत फोडणीच्या पाण्यात ते कालवले की आमटी तयार होते. टंचाईच्या दिवसांसाठी घरोघरच्या स्त्रियांनी योजलेला हा पदार्थ आता पाहुण्यांना कौतुकाने वाढला जातो, आणि ते योग्यच आहे, कारण भाजलेल्या धान्याचा असा खमंगपणा ताज्या मसाल्यांच्या रश्श्याला येत नाही.

उपाहारगृहांची नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण खानावळी चालवणारे हात बदलतात आणि नावे तशीच राहतात. त्याऐवजी एक खूण ध्यानात ठेवावी. मराठवाड्यात धान्याच्या घाऊक बाजारपेठेला मोंढा म्हणतात, आणि मोंढ्यात माल घेऊन आलेले शेतकरी, हमाल व आडते दुपारी जेथे जेवतात तेथे भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. मुलांसाठी 'तिखट कमी' असे आधीच सांगावे आणि दह्याची वाटी मागून घ्यावी. येथील तिखटाला लाजण्याचे कारण नाही, पण गृहीतही धरू नये. बाजारातून फिरताना बियाण्यांच्या दुकानांकडेही लक्ष द्यावे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी येथेच सुरू केली, संकरित बियाण्यांच्या प्रसारासाठी त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्यांच्यामागून अनेक बियाणे उद्योग या शहरात आले. मृगापूर्वीच्या दिवसांत दूरदूरच्या शेतकऱ्यांनी बाजार भरून जातो. २०१८ पासून रेशीम कोषांची बाजारपेठही येथे भरते, आणि पांढऱ्या कोषांचे ढीग, त्यांची हाताने केली जाणारी पारख व लिलाव हे दृश्य मुलांना कापडाच्या उगमाशी नेऊन भिडवते. धूलिवंदनाच्या दिवशी हत्तीवर आरूढ झालेल्या राजाने रंग उधळत शहरातून जाण्याची 'हत्ती रिसाला' ही जुनी मिरवणूक ज्यांना गर्दी सोसते त्यांनी एकदा पाहावी.

तिथीचे महत्त्व सर्वाधिक जाणवते ते भोकरदन तालुक्यातील राजूर येथे. मोरगाव, राजूर व पद्मालय ही पूर्ण आणि चिंचवड हे अर्धे अशी गणपतीची साडेतीन पीठे परंपरेने मानली जातात, त्यांतील हे एक. दर संकष्टी चतुर्थीला येथे भाविक येतात, आणि संकष्टी मंगळवारी आली म्हणजे, जिला अंगारकी म्हणतात, आदल्या रात्रीपासून जालन्याकडून पायी निघालेल्यांनी रस्ता भरून जातो. वाटेवर ठिकठिकाणी फराळाचे मंडप उभे राहतात आणि साबुदाण्याची खिचडी, भगर व शेंगदाण्याची आमटी, केळी आणि चहा चालणाऱ्यांना आग्रहाने, विनामूल्य दिला जातो. अन्नाची देवघेव अशा मोकळेपणाने होताना पाहणे हा राजूरच्या यात्रेतील सर्वांत मोठा लाभ आहे, तरी लहान मुले किंवा गुडघ्यांनी अधू झालेली वडीलमंडळी बरोबर असतील तर अंगारकी टाळून साध्या दिवशी यावे. मग टेकडीवरचे मंदिर निवांत पाहता येते. नवस फेडण्यासाठी आलेली कुटुंबे देवस्थानांच्या परिसरात गोवऱ्या पेटवून रोडगे भाजतात, असा स्वयंपाक मराठवाड्यातील अनेक यात्रांत दिसतो, आणि अनोळखी माणसालाही पंगतीला बसण्याचे बोलावणे येते. ते नाकारू नये.

राजूरच्या पुढे उत्तरेला जिल्ह्याचा इतिहास अधिक खोल होत जातो. केळनेच्या काठावरील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगरातील दात्यांचा उल्लेख आहे. १९७३ च्या सुमारास येथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष मिळाले, आणि त्यांत सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी इतके निकटचे आहे की, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली ती मूर्ती दख्खनच्या याच टापूतील कारागिरांनी घडवली असावी, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथेही तशीच मूर्ती मिळालेली आहे. आज गावात फिरताना या वैभवाची एकही पाटी डोळ्यांत भरत नाही, याची खंत वाटते. नदीकाठच्या खडकात कोरलेली लेणी मात्र आहेत, आणि आधी ही कथा वाचून आलेल्या मुलांना त्या काठावर उभे राहून रोमन व्यापाराची कल्पना करता येते. त्याच तालुक्यातील अन्वा येथील बाराव्या शतकातील मंदिर, ज्याला स्थानिक लोक मढ म्हणतात, अजिंठ्याच्या रस्त्यावरील गोळेगावापासून जवळ असूनही अजिंठ्याला जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तेथे वळतात. मंदिरात आज महादेवाची पूजा होते, परंतु बाह्यभिंतींवर विष्णूच्या शक्तींच्या, म्हणजे त्याच्या विविध रूपांच्या स्त्रीरूपांच्या, मूर्ती आहेत, आणि असा मूर्तिक्रम महाराष्ट्रात अतिशय दुर्मीळ आहे. सभामंडपातील स्तंभांवरील कोरीव काम आणि छताची रचना सावकाश पाहायची तर अर्धा दिवस हाताशी ठेवावा. जवळपास जेवणाची सोय गृहीत धरू नये. अशा दिवसासाठी मराठवाड्याने धपाटे निर्माण केले आहेत. ज्वारी, गहू व हरभऱ्याच्या पिठात लसूण, तीळ, कोथिंबीर घालून थापलेली ही खमंग पोळी दह्याबरोबर थंडसुद्धा उत्तम लागते.

याच भागात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या संयुक्त सैन्याचा आर्थर वेलस्लीने, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, येथे पराभव केला. त्याचे सुमारे १,६०० लोक मेले किंवा जखमी झाले, आणि वॉटर्लूनंतरही तो असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानत असे. केळना ओलांडायला उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असताना, नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे पाहून त्यांच्यामध्ये जाण्या-येण्याची वाट असलीच पाहिजे असा तर्क त्याने केला आणि तो खरा ठरला. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. हा तर्क मुलांना जागेवर नेऊन समजावून सांगावा, पण तो सप्टेंबरच्या अखेरीस, नदीला पाणी असताना. एप्रिलमध्ये कोरड्या पात्रासमोर उभे राहिले तर नदी अडथळा कशी ठरली हेच कळणार नाही. पावसाळ्यात भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीची मोठी उलाढाल चालते, आणि ठेच्याची ओढ असणाऱ्यांनी तिकडून परतावे.

दक्षिणेकडे अंबडला टेकडीवर मत्स्योदरी देवीचे मंदिर आहे आणि नवरात्रात तेथे मोठी यात्रा भरते. रेवड्या, गोडी शेव, फुटाणे यांची दुकाने टेकडीच्या पायथ्याशी लागतात. गावातील पायऱ्यांची पुष्करणी होळकरांच्या अमलाची आठवण देते. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये रामनवमीच्या दिवशी समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या घराण्याचे राममंदिर तेथे आहे आणि रामनवमीचा उत्सव हाच जांबला जाण्याचा खरा काळ, मात्र चैत्रातील ऊन कडक असल्याने सकाळी लवकर पोहोचून दुपारच्या आधी परतावे किंवा सावलीत थांबावे.

पावसाळ्यात जालना जिल्ह्यात येऊ नये असे सुचवले जाते, ते मान्य करण्याजोगे नाही. आषाढी एकादशीला जुन्या जालन्यातून आनंदीस्वामींची पालखी निघते, आणि पंढरपूरहून परतणारी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी त्यानंतरच्या आठवड्यांत शहागडला गोदावरी ओलांडून अंबड, जालना या मार्गाने सिंदखेडराजाकडे जाते. टाळकऱ्यांच्या शिस्तीत चालणाऱ्या रांगा गावात शिरण्यापूर्वीच रस्त्यालगतच्या घरांत चुली पेटलेल्या असतात, कोणी भाकरी-बेसन, कोणी पोळी-भाजी, कोणी नुसता चहा घेऊन उभे असते, आणि त्या वर्षी पाऊस कसा झाला आहे यावर वाढण्याचा हात आखडता होत नाही. पालखीच्या मुक्कामांचे वेळापत्रक आधी जाहीर झालेले असते; ते पाहून अंबड ते जालना या टप्प्यात एखादा दिवस पायी चालण्याची तयारी असलेल्या कुटुंबाने मुलांसाठी छत्री आणि सुकी वस्त्रे जवळ ठेवावीत, पण शिदोरी बांधण्याची तसदी घेऊ नये.